घरच्यांपुरता रेडिओ

आबांच्या घरी रेडिओ ऐकायचा तर आधी मीठ खावं लागे.

उंबऱ्याच्या आत डाव्या हाताला मातीचं एक परळ ठेवलेलं असे आणि त्यात जाडं मीठ. आलेल्याने वहाणा काढायच्या, एक खडा उचलून जिभेवर ठेवायचा आणि मग सोप्यात जाऊन बसायचं. आबा रेडिओशेजारी मांडी घालून बसलेले असत. कोणाच्या जिभेवर खडा गेला नाही हे त्यांना कसं कळे कोण जाणे, पण बटणावरचा हात तसाच ठेवून ते म्हणत, "कुनीतरी पावना राहिलाय. घरचं व्हा, मग लावतो."

यामागे सरकारी नियम होता. त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि तो दरवर्षी टपाल कचेरीत जाऊन नवा करून घ्यावा लागे. हॉटेलाचा आणि दुकानाचा परवाना वेगळा, घरचा वेगळा. आबांनी रेडिओ आणला तेव्हा टपालमास्तरांनी त्यांना सोप्या शब्दांत समजावलं होतं, "हा घरगुती परवाना आहे आबा. घरच्या माणसांनी ऐकायचं." मास्तर सहज बोलून गेले असतील. आबांनी मात्र ते वाक्य टोपीत ठेवावं तसं जपून घरी आणलं. अडचण अशी की अख्ख्या आळीत रेडिओ एकच. संध्याकाळ झाली की दारात माणसं गोळा होत. त्यांना हाकलणं आबांना जमेना, आणि नियम मोडणं त्याहून जमेना. मग त्यांनी काही दिवस रेडिओवर फडकं टाकून ठेवलं, विचार केला, आणि एका संध्याकाळी उंबऱ्याशी परळ आलं.

"ज्यानं घरचं मीठ खाल्लं त्यो घरचा," ते म्हणाले. "ह्यात सरकारला बी बोलाय जागा न्हाई."

आबांच्या पत्नीला सगळे जिजी म्हणत. जिजींची एकच अट होती, मीठ हातावर द्यायचं नाही. हातावर मीठ दिलं की देणाऱ्याघेणाऱ्यात भांडण होतं. आमच्या बार्शीलाही हे मानत. म्हणूनच ते परळ. ज्याचं त्याने उचलायचं. "मिठाला इटाळ न्हाई," असं आबा म्हणत आणि त्या परळात कोणाकोणाची बोटं जातात याची चौकशी त्या घरात कधी झाली नाही. त्या काळच्या गावात ही लहान गोष्ट नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी पिंपरीला आलो तो नव्या औषध कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली म्हणून. वडील बार्शीला शिवणकाम करत. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. निघताना सगळ्या गल्लीने मला ओवाळलं होतं, आणि पिंपरीच्या स्टेशनावर उतरलो तर ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. खोली शोधत गावात फिरलो. कोणी आडनाव विचारून दार लावून घेतलं, कोणी एकटा आहे म्हणून नको म्हणालं. शेवटी आबांच्या दारात उभा राहिलो.

"काय शिकलायस?"

"बी. ए. झालोय."

"म्हंजी पुढं काय राहिलं?"

"काही नाही."

"मग खा मीठ," ते म्हणाले आणि पायाने परळ माझ्याकडे सरकवलं.

तेव्हा दुपार होती आणि रेडिओची वेळ नव्हती. तरी मी खडा तोंडात टाकला. रिकाम्या पोटी तो इतका खारट लागला की डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून आबा आत ओरडले, "जिजी, पोरगं उपाशी हाय गं!" त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव बीए पडलं. "बीए जेवला का?" "बीएची शिफ्ट सुटली का?" मला शिफ्ट नव्हती, कचेरी होती, पण आबांच्या लेखी कंपनीत जाणारा प्रत्येक माणूस शिफ्टलाच जात असे.

गावात घरोघरी वीज यायला अवकाश होता, म्हणून रेडिओ बॅटरीवर चाले. बॅटरी विटेपेक्षा मोठी. ती लवकर उतरू नये म्हणून संध्याकाळचा ठरलेला वेळच तो लागे. निवेदकाने "नमस्कार" म्हटलं की आबा हात जोडून "नमस्कार" म्हणत. बातम्या चालू असताना कोणी रेडिओसमोरून गेलं तर त्याला ओरडा बसे, "मानूस बोलतंय, दिसत न्हाई का?" रेडिओ घरात आला त्या दिवशी त्यांनी त्याच्या डोक्यावरही मिठाचा एक खडा ठेवला होता. बोलणारासुद्धा घरचाच पाहिजे. परका माणूस रोज घरात येऊन बायकापोरांशी बोलतो, हे बरं दिसत नाही.

माझी आई एकदा बार्शीहून आली होती. तिने रेडिओ प्रथमच पाहिला. परळातला खडा तिने देवळातला प्रसाद घ्यावा तसा घेतला, पूर्ण बातम्या ऐकल्या आणि शेवटी हळूच विचारलं, "एवढा वेळ बोलतोय, त्याच्या घशाला कोरड पडत नसेल?"

"बाई, त्यो पुन्याला बसलाय," आबा म्हणाले. "तितं त्याला पानी देत असतील."

"आणि जेवायला?"

"मीठ तर आपन दिलंय," आबा गंभीरपणे म्हणाले, आणि आईचं समाधान झालं. पुढे कितीतरी वर्षं ती दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्रातून मला विचारी की रेडिओवाल्याचं बरं आहे ना.

परवान्याची लहानशी पुस्तिका आबा कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवत. मागणी होताच परवाना दाखवला पाहिजे असं त्यांना सांगितलेलं होतं, आणि मागणी कधी होईल हे सांगितलेलं नव्हतं. म्हणून ती पिशवी अंघोळ सोडून सदैव अंगावर. एकदा आम्ही एसटीने चाकणला बाजाराला गेलो. कंडक्टरने तिकीट विचारलं तर आबांनी आधी रेडिओचा परवाना काढून त्याच्या हातात दिला. कंडक्टरही वस्ताद. त्याने उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे काका. आता रेडिओ उतरवा आणि स्वतःचं तिकीट दाखवा."

एवढ्या नियमाच्या माणसाची एक गोष्ट मात्र मला पटत नसे. रेडिओ त्यांनी सोप्याच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला होता. तिथे तो नुसता खरखरे. गाण्याच्या मधोमध आवाज बुडायचा. मी एका रविवारी त्या काळोख्या कोनाड्यातून तो चाचपून उचलला आणि पूर्वेच्या खिडकीशी नेऊन पाहिला, तर आवाज कसा स्वच्छ! मी उत्साहाने आबांना बोलावलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, रेडिओ उचलला आणि पुन्हा कोनाड्यात नेऊन ठेवला.

"आबा, इथे खरखर येते."

"येऊ दे. त्याला तितंच करमतं."

जिजी चुलीपुढून म्हणाल्या, "नगं नादाला लागू बीए. ती भिंत म्हंजी त्येंचं दुखनं हाय."

त्या भिंतीची गोष्ट आळीत सगळ्यांना ठाऊक होती. घर मुळात एकच. वडील गेल्यावर आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ बापू यांच्यात वाटणी झाली, मधून भिंत घातली गेली. वाटणीपर्यंत सगळं सुरळीत होतं. बैलजोडी होती, तीतला एकेक बैल दोघांना आला. मग बेंदूर आला, बैलांचा सण. गावाच्या मिरवणुकीत या घराच्या बैलाला पुढे चालण्याचा मान होता. आता घरं दोन, बैल दोन, मान एक. आबा म्हणाले, थोरला मी. बापू म्हणाले, मानाच्या अंगाला चालायचा तो बैल माझ्या वाट्याला आलाय. वेशीत दोघांनी दोन्ही कासरे धरून अशी ओढाताण केली की शेवटी तिसऱ्याच घराचा बैल पुढे गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे जमीन कारखान्यांसाठी गेली, बैल विकले, दारात कासराही उरला नाही. भांडण तेवढं राहिलं.

त्यात बापूंची नजर गेली. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, आणि बापू भिंतीपलीकडे बाजेवर एकटे. मी त्यांना जाता-येता दारातून पाहत असे. पायांचा आवाज ऐकून ते विचारत, "बीए का रं? काय म्हनतिया कंपनी?" आबांचं नाव त्यांच्या तोंडी कधी येत नसे. आणि आबांच्या तोंडी त्यांचंही नाही. आबांना बापूंना काही कळवायचं असलं तर ते घरातल्या मांजराला सांगत, पण भिंतीकडे तोंड करून. "मने, उद्या घरपट्टीवाला येनार हाय. पावत्या काढून ठेव."

एका वर्षी नव्या सालाचा पहिला दिवस रविवारी आला. जुना परवाना आदल्या दिवशी संपलेला, आणि टपाल कचेरी बंद. आम्ही नेहमीच्या वेळेला जमलो तर रेडिओवर फडकं.

"आज न्हाई लागनार," आबा म्हणाले. "परवाना सपलाय. आज ऐकनं म्हंजी चोरी."

लोक उठू लागले. आबांनी सगळ्यांना खाली बसवलं. "रेडू बंद हाय, घर बंद न्हाई. बसा." मग आम्ही ठरलेला सगळा वेळ त्या फडक्याकडे पाहत गप्प बसलो. सुरुवातीला हसू येत होतं. नंतर कोणी गावाकडच्या आठवणी काढल्या, आमच्यातल्या सिंधी पापडवाल्याने सिंधमधल्या त्याच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी किती गोड होतं ते सांगितलं, आणि सांगता सांगता तो थांबला. त्या शांततेत भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. आबा एकदम उठून कोनाड्याजवळ गेले आणि मोठ्याने ओरडले, "मने! आज न्हाई, उद्या लागंल! परवाना सपलाय!" मांजर माझ्या मांडीवर होतं. खोकला थांबला.

तेव्हाही मला काही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारपण.

आता ते घर नाही. मी मुलाकडे वाकडला राहतो. उंच इमारत आहे, दारावर पाट्या आहेत, लिफ्टमध्ये लोक सभ्यपणे हसतात. रेडिओचा परवाना सरकारने रद्द करूनही जमाना झाला. कोणी काहीही, कुठेही, कितीही ऐकावं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू असतो आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळतो, पण ते गृहस्थ कोण हे मला अजून ठाऊक नाही. पिंपरी गावात मी अधूनमधून जातो. आळी ओळखू येत नाही. ती जागा साधारण कुठे असेल याचा अंदाज करून उभा राहतो. गाड्या हॉर्न वाजवतात. माझ्या जिभेला मात्र ती चव आठवते, आणि मग सगळं आठवतं. त्यातही ती इन्स्पेक्टर आलेली संध्याकाळ.

चावडीजवळ एक चहाचं हॉटेल होतं. त्याच्या मालकाकडे रेडिओचा धंद्याचा परवाना होता, आणि त्याची संध्याकाळची गिऱ्हाइकं आबांच्या सोप्यात बसू लागली होती. त्याने वर तक्रार केली की हा म्हातारा घरगुती परवान्यावर सार्वजनिक रेडिओ चालवतो. म्हणून पुण्याहून इन्स्पेक्टर आले. सायकलवरून आलेले, घामाघूम, वागायला सरळ.

"वहाना काडा, मीठ खावा," आबा म्हणाले.

"आजोबा, मी ड्युटीवर आहे. कोणाच्या घरचं काही खात नाही."

"बराबर हाय," आबांना ते फार आवडलं. "पर मग रेडू लावता येनार न्हाई. तुमी घरचे न्हाई."

"मी ऐकायला नाही आलो, तपासायला आलोय. परवाना?"

आबांनी गळ्यातली पिशवी काढली. ज्या क्षणाची ते वर्षानुवर्षं वाट पाहत होते तो आला होता. इन्स्पेक्टरांनी पुस्तिका पाहिली, शिक्के पाहिले. सगळं चोख. मग त्यांनी भरलेल्या सोप्याकडे पाहिलं.

"हे सगळे कोण? पाहुणे चालतात. पण रोजचे श्रोते चालणार नाहीत."

"पावने न्हाईत. घरचेच."

"सगळे?" त्यांनी पापडवाल्याकडे बोट केलं. "तुम्ही यांचे कोण?"

पापडवाला उभा राहिला. "घर का आदमी हूँ, साहब. नमक खाया है."

"आणि तुम्ही?"

"मीही घरचा," मी म्हणालो. असं म्हणताना मीही उठून उभा राहिलो होतो, याचं मलाच नवल वाटलं.

इन्स्पेक्टरांना हसू आवरेना. "बरं, सेटचा नंबर तेवढा पाहतो आणि जातो," असं म्हणत त्यांनी रेडिओ दोन्ही हातांनी धरून कोनाड्यातून पुढे ओढला. मागचा नंबर वाचायला ते वाकले आणि तसेच थांबले.

कोनाड्याच्या पाठीतली एक वीट नव्हती. त्या भोकातून पलीकडच्या कंदिलाचा उजेड आत येत होता, आणि त्या उजेडात एक म्हातारा कान होता.

इन्स्पेक्टरांचं हसू गेलं. "पलीकडे दुसरं घर आहे?"

"व्हय."

"घरनंबर वेगळा?"

"येगळा."

"आजोबा, परवाना एका घराचा असतो. आवाज भिंतीवरून गेला तर समजू शकतो. पण भिंत फोडून दुसऱ्या घराला रेडिओ पुरवायचा? सेट जप्त होईल, परवाना जाईल. वीट कोणी काढली?"

"म्या," आबा म्हणाले. "रेडू आनला त्याच दिवशी."

कान हलला. भोकातून बापूंचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "आन् म्या समजत हुतो, घुशीनं पाडली."

इन्स्पेक्टर माणूस म्हणून चांगले होते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा, तुमचं वय पाहतो मी. वीट पडलेली असेल कुठेतरी. माझ्यासमोर ती जागच्या जागी बसवा, वर चिखल थापा. मी काही पाहिलं नाही असं समजतो."

वीट परळाशेजारीच होती. दार लागू नये म्हणून आम्ही रोज तीच दाराला लावत असू. आबांनी तिच्याकडे पाहिलं. रेडिओकडे पाहिलं. त्या रेडिओशिवाय त्यांची संध्याकाळ कशी जाईल, याची मला कल्पनाच करवेना. बटणावर ठेवायचा तो हात त्यांच्या मांडीवर उघडमीट करत होता.

"न्हाई बशीवनार," ते म्हणाले.

"मग मला लिहावं लागेल. पलीकडे राहतो तो तुमचा कोण?"

जिजी पदर तोंडाशी धरून चुलीपाशी उभ्या होत्या.

"भाऊ," आबा म्हणाले.

"सख्खा?"

"पाठचा."

"चूल एक आहे?"

"चूल येगळी हाय. घर एक हाय. मदी भिंत आमी मूर्खांनी घातली. त्यो घरचाच हाय, लिवून घ्या."

इन्स्पेक्टरांनी पेन काढलं, तेवढ्यात भोकातून बापू गरजले, "दादा! सरकारच्या मानसापुढं खोटं कशापायी बोलतोस?"

बेंदराच्या त्या दिवसानंतर त्यांनी भावाला मारलेली ही पहिली हाक. आबा ताडकन उभे राहिले.

"काय खोटं बोललो रं?"

"घरचा कोन? मीठ खाल्लेला! सगळी आळी खाऊन गेली. कंपनीतली खाऊन गेली, बीएची आय बार्शीवरनं येऊन खाऊन गेली. म्या खाल्लंय का? मला कदी इचारलंस? मग घरचा कसा म्या?"

आबा उंबऱ्याशी गेले. वाकले, परळातलं मीठ मुठीत घेतलं. एक खडा नाही, मूठभर. तसेच कोनाड्याशी आले.

"अवो," जिजी घाईने म्हणाल्या, "हातावर देऊ नगा! परळ सरकवा. भांडान व्हईल!"

"आता आनि कंचं व्हायाचं राहिलंय?" आबा म्हणाले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात त्या भोकात घातला. "घे बापू."

पलीकडे बाज करकरली. बापूंना दिसत नव्हतं, त्यामुळे हात सापडायला त्यांना वेळ लागला असावा. इन्स्पेक्टरांनी पेनला टोपण लावलं. पुस्तिका मिटून कापडी पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्याकडे दिली. "सेटचा नंबर बरोबर आहे," ते म्हणाले. "तेवढाच पाहायला आलो होतो." मग वहाणा घालताना त्यांनी परळाकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि एक खडा खिशात टाकला. ड्युटी संपल्यावर खाल्ला असेल.

बातम्यांची वेळ झाली होती. कोणीतरी आबांना हळूच म्हणालं, "आबा, रेडिओ?" पण ते भिंतीला गाल टेकून तसेच उभे होते. बापूंनी मीठ केव्हाच घेतलं असणार. आबांचा हात मात्र बराच वेळ बाहेर आला नाही.